भाडेपावती, नोटीस आणि फुटपाथ : बेघरांवरच्या कोर्टकादंबऱ्या कशा वाचायच्या

कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणाऱ्याला मजकूर सांगावा लागत नाही. त्याच्याकडे नमुना तयारच असतो. ‘मी, खाली सही करणार, अमुक अमुक, वय इतकं, धंदा अमुक, रा. अमुक.’ नाशिकला सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात जा नाहीतर निफाडच्या कोर्टात, नमुना तोच. वकीलपत्रावर पत्ता, समन्सवर पत्ता, जामीनदाराचाही पत्ता. गोदाघाटावर झोपणाऱ्या माणसाने ‘रा.’च्या पुढे काय लिहायचं, हे नमुना तयार करणाऱ्याच्या डोक्यातच आलेलं नसतं.

इंग्रजीत ज्यांना लीगल थ्रिलर म्हणतात, त्या कायद्याच्या थरारकथांपैकी काही मोजक्या कादंबऱ्या बेघर माणसांभोवती फिरतात. त्या वाचताना आपल्याकडच्या वाचकाची एक अडचण होते. कथा पकड घेते, पण वकील एवढे कशावरून भांडतायत हे नीट उमगत नाही. अमेरिकेतला कायदा, अमेरिकेतली कोर्टं. मग आपण तो भाग भराभर पानं उलटत ओलांडतो आणि पाठलाग नाहीतर साक्षीपर्यंत पोचतो. माझं म्हणणं असं की खरी गंमत त्या ओलांडलेल्या पानांतच असते. नेहमीच्या कोर्टकथेत ‘खून कोणी केला’ हा प्रश्न असतो. बेघरांवरच्या कोर्टकथेत प्रश्न असतो ‘कागद कोणाकडे होता’.

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक म्हणजे जॉन ग्रिशमचं ‘द स्ट्रीट लॉयर’, १९९८ सालचं. ग्रिशम स्वतः मिसिसिपीत वकिली करत होता, त्यामुळे फायली, मेमो, पार्टनरशिपची शर्यत हे सगळं त्याला आतून ठाऊक. कथा वॉशिंग्टनमधल्या एका अवाढव्य लॉ फर्मची. एक बेघर माणूस कमरेला स्फोटकं बांधल्यासारखा दिसत आत शिरतो, काही वकिलांना ओलीस धरतो आणि विचारतो की तुमच्यातल्या कोणी गेल्या वर्षी गरिबांना किती दिलं. पोलिसांच्या गोळीने तो मरतो. ओलिसांमधला एक तरुण वकील, मायकल ब्रॉक, हा माणूस आपल्याच फर्ममध्ये का आला याचा माग काढायला लागतो.

इथवर नुसता थरार. कायदा सुरू होतो तो एका जुन्या गोदामापासून. त्या गोदामात काही कुटुंबं राहत होती आणि फर्मच्या अशिलाला ती जागा रिकामी हवी होती. घुसखोर आहेत असं म्हणून त्यांना भर हिवाळ्यात बाहेर काढलं. त्यातली एक आई आणि तिची चार मुलं बर्फाच्या रात्री मोटारीत झोपली, ऊब राहावी म्हणून इंजिन चालू ठेवलं आणि कार्बन मोनॉक्साइडने पाचही जण गेली.

आता गाठ पाहा. ही माणसं घुसखोर असतील तर त्यांना काढणाऱ्यावर फारशी जबाबदारी येत नाही. पण ती भाडं देत असतील तर ती भाडेकरू ठरतात, आणि भाडेकरूला नोटीस दिल्याशिवाय, कायद्याने ठरवलेल्या वाटेने गेल्याशिवाय हुसकावता येत नाही. ती रोखीने भाडं देत होती. फर्मच्याच एका कर्मचाऱ्याने जागेवर जाऊन ही गोष्ट मेमोत लिहून ठेवली होती. तो मेमो फाइलमधून गायब होतो. पुढची पावणेचारशे पानं म्हणा किंवा जितकी असतील तितकी, ती या एका कागदासाठी आहेत.

नाशिकमध्ये जुन्या वाड्यात भाड्याने राहिलेल्या कोणालाही ही भानगड समजावून सांगावी लागू नये. घरमालक पैसे रोख घेतो आणि पावतीचं नाव काढलं की ‘आपल्यात पावती कशाला’ म्हणतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडं घेताना लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. ती तो टाळतो याचं कारण आळस नव्हे. पावती फाडली की समोरचा माणूस कायद्याच्या नजरेत भाडेकरू होतो. भाडं थकलं तरी नोटीस दिल्यापासून नव्वद दिवस मालकाला दावा लावता येत नाही. पावती नसेल तर तोच माणूस, त्याच खोलीत, तितकेच पैसे देऊन, वाद झाला की ‘आमच्या जागेत घुसलाय’.

याहून कमी माहीत असलेली तरतूद १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्यातली, कलम ६. जागा कोणाच्या मालकीची आहे हा प्रश्न बाजूला ठेवून कोर्ट एवढंच पाहतं की तिथे ताब्यात कोण होतं आणि त्याला कायद्याची वाट सोडून काढलं का. तसं झालं असेल तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो, अगदी मालकाविरुद्धसुद्धा. ग्रिशमची कथा महाराष्ट्रात घडली असती तर त्या गोदामातल्या माणसांच्या वकिलाने बहुधा हेच कलम काढलं असतं. मात्र त्यात एक मेख आहे. हा दावा सरकारविरुद्ध लावता येत नाही. खासगी मालकाने ढकललं तर एक दार उघडं, सरकारने ढकललं तर ते बंद.

सरकारने ढकललं तर काय होतं, याची गोष्ट आपल्याकडे खरीखुरी घडलेली आहे. ती कोणी कादंबरी म्हणून लिहिली असती तर संपादकाने ‘जरा जास्तच झालंय’ म्हणून परत पाठवली असती.

१३ जुलै १९८१. मुख्यमंत्री अंतुले जाहीर करतात की मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या त्यांच्या गावी पाठवायचं. ऐन पावसाळ्यात. प्रकरण हायकोर्टात जातं, झोपड्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाडायच्या नाहीत असं ठरतं. आणि तरी, याचिकेतल्या आरोपानुसार, २३ जुलैला या लोकांना एसटीच्या गाड्यांमध्ये कोंबून मुंबईबाहेर रवाना केलं जातं. त्या प्रवासात दोन बाळं जन्मली आणि दोन दगावली, असं याचिकेत म्हटलं होतं.

हाच तो ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ खटला. ओल्गा टेलिस या पत्रकार. त्यांच्याबरोबर फुटपाथवर राहणारे याचिकाकर्ते होते आणि त्यांतल्या दोघांची हकीकत निकालपत्रात आहे. एक जण तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळाने काम गेलं म्हणून १९६१ साली मुंबईत आला, दहिसरच्या एका रासायनिक कंपनीत तेवीस रुपये रोजावर लागला. दुसरा आपल्या शेजारचा, संगमनेरचा. चप्पल-जोड्यांचं काम करायचा, दिवसाला सात-आठ रुपये सुटायचे. गावातलं घर म्हणण्यासारखं जे होतं ते पडलं तेव्हा मुंबई गाठली आणि बदली कामगार झाला. नाशिक-पुणे रस्त्यावरून जाताना आपण ज्या गावात चहाला थांबतो, तिथला माणूस घटनापीठापुढे उभा होता, हे मला अजूनही नवल वाटतं.

आता ग्रिशमच्या गोदामाशी ताडून पाहा. सेलमच्या मजुराने फुटपाथवरच्या प्लास्टिकच्या आडोशासाठी अडीच हजार रुपये मोजले होते. संगमनेरच्या माणसाने तीनशे रुपये दिले, शिवाय बांबू आणि प्लास्टिकच्या कागदाला सातशे गेले. म्हणजे फुकट कोणीच राहत नव्हतं. पण पैसे गेले झोपडपट्टीदादाला, गुंडाला. कादंबरीत दिलेल्या पैशाने माणूस भाडेकरू होतो आणि त्याला कायद्याचं कवच मिळतं. इथे पैसे दिले तरी काहीच हाती येत नाही, कारण घेणाऱ्याचा त्या जागेशी कायदेशीर संबंधच नाही. फुटपाथ महापालिकेचा, वसुली दादाची आणि बेघर व्हायचं वेळ आली की राहणाऱ्याने.

पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या नेतृत्वाखाली, १० जुलै १९८५ ला निकाल दिला. त्यातलं एक वाक्य कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला येतं: राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. का येतो, ते सोपं आहे. मुंबईत काम मिळतं, काम जिथे आहे तिथून जवळच राहावं लागतं, जवळ परवडतं ते फुटपाथवरच. तिथून उचललं की काम जातं, काम गेलं की जगणं जातं.

हे वाचून वाटतं, जिंकले. थांबा. याच निकालात कोर्टाने असंही म्हटलं की फुटपाथ चालण्यासाठी आहे, त्यावर झोपडी बांधायचा हक्क कोणालाच नाही. महापालिका कायद्याचं कलम ३१४, ज्यात आयुक्ताला नोटीस न देता अतिक्रमण हटवता येतं, तेही कोर्टाने वैध ठरवलं. फक्त सांगितलं की नोटीस न देणं हा अपवाद असावा, रीत नसावी. एरवी माणसाचं ऐकून घ्या. १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्या. आणि पावसाळा उलटून ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत कोणाला काढू नका. म्हणजे तत्त्व मिळालं, मुदत मिळाली, ज्यांच्याकडे ओळखपत्र होतं त्यांना काही आशा मिळाली. ज्यांच्याकडे ते नव्हतं त्यांना साडेतीन महिने.

थरारकथेला असा शेवट चालत नाही. तिला निर्णायक काहीतरी हवं असतं. खऱ्या कोर्टातला सगळा थरार बहुतेक वेळा नोटीस आणि स्टे या दोन गोष्टींत मावतो. आधी कळवलं का, आणि जेसीबी यायच्या आत मनाई हुकूम मिळाला का. कोर्टात रोज उठबस असलेल्या कोणालाही विचारा, निकालाबद्दल तो नंतर बोलेल, आधी विचारेल, ‘स्टे आहे का?’

या कथेची अलीकडची कडी १३ नोव्हेंबर २०२४ ची. न्या. भूषण गवई आणि न्या. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने बुलडोझरच्या कारवाईवर देशभरासाठी नियम घालून दिले. बांधकाम पाडण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस, बाजू मांडायची संधी, कारण देणारा आदेश. बातम्यांमध्ये ठळकपणे एवढंच आलं. त्याच निकालात एक अपवाद आहे: रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगत किंवा नदी-जलाशयातलं अनधिकृत बांधकाम असेल तर हे नियम लागू नाहीत. सगळ्यात गरीब माणूस नेमका कुठे राहतो? फुटपाथवर, रुळांच्या कडेला, नदीच्या पात्रात. सार्वजनिक जागा मोकळी राहिली पाहिजे, हा कोर्टाचा मुद्दा चूक म्हणता येत नाही. पण ज्याला नोटिशीची सर्वांत जास्त गरज आहे तो पुन्हा यादीच्या बाहेर. नाशिककराला यातला ‘नदी’ हा शब्द जास्त लागेल, कारण दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावर पूर मोजणाऱ्या गावात नदीकाठी कोण राहतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सामाजिक न्याय या शब्दांनी पुष्कळ जण बिचकतात, जड वाटतात म्हणून. नाशिकमध्ये तो समजावायला दोन ठिकाणं पुरतात. गाडगेबाबांनी इथे धर्मशाळा बांधली. ती करुणेने बांधली आणि हजारोंना त्याचा आसरा झाला. पण धर्मशाळेत जागा मिळाली नाही तर कोणावर दावा लावता येत नाही. दुसरं ठिकाण काळाराम मंदिर. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली त्या दारात जमलेले लोक प्रसाद मागायला आले नव्हते. ज्या जागेवर आपला हक्क आहे तिथे जायला आले होते. बेघरांवरची कोर्टकथा पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात जायची धडपड असते. ग्रिशमचा नायक आधी निवाऱ्यात सूप वाढायला जातो, नंतर कोर्टात दावा लावतो.

आता या निवाऱ्याचा आपल्याकडचा हिशोब. राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाचा निकष असा होता की दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांना पुरेल असा कायमचा निवारा हवा, माणशी पन्नास चौरस फूट जागेसह. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या चौदा लाख शहाऐंशी हजारांवर होती. भागाकार करायला गणिताचा मास्तर लागत नाही. आपल्या शहरात असे किती निवारे तुम्हाला माहीत आहेत, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील का, हे तुम्हीच पाहा.

आणि बेघर म्हणजे तरी कोण? जनगणनेच्या भाषेत, छप्पर असलेल्या घरात न राहणारा. रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, रेल्वे फलाटावर, देवळाच्या मंडपात, सिमेंटच्या मोठ्या पाइपात झोपणारा. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री गणना करणारे या लोकांना मोजायला बाहेर पडले आणि देशभरात आकडा आला सतरा लाख त्र्याहत्तर हजार. त्यातले शहरांतले नऊ लाख अडतीस हजार. एका रात्रीत मोजलेला आकडा. त्या रात्री जो आडोशाला होता, पोलिसांना घाबरून कोपऱ्यात होता, तो कसा मोजला जाणार?

पोलिसांना घाबरायचं कारण आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ महाराष्ट्रात आजही लागू आहे. त्यात भीक मागण्याची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून किंवा काही विकायला पुढे करून पैसे घेणंही तीत येतं. शब्दाला शब्द लावला तर पहाटे चिपळ्या वाजवत येणारा वासुदेव आणि रामकुंडावर द्रोणातला दिवा पुढे करणारी म्हातारी, दोघंही त्यात सापडतील. त्याहून वाईट पोटकलम पुढे आहे: उदरनिर्वाहाचं दिसण्यासारखं साधन नाही आणि सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतोय की भिकेवर जगत असावा असं वाटतं, एवढंही पुरेसं. ‘वाटतं’ कोणाला? पकडणाऱ्याला. वॉरंट लागत नाही. पहिल्यांदा दोषी ठरला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत.

हाच कायदा दिल्लीलाही लागू केलेला होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली हायकोर्टाने तिथल्यापुरती त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात, जिथे हा कायदा जन्मला, तिथे तो अजून लागू आहे. २०२१ मध्ये कोविडच्या काळात रस्त्यावर भीक मागायला बंदी घाला अशी मागणी सुप्रीम कोर्टात आली, तेव्हा वरच्या वर्गाच्या नजरेने आम्ही याकडे पाहणार नाही असं म्हणून कोर्टाने ती नाकारली. त्या पीठावर न्या. धनंजय चंद्रचूड होते, म्हणजे ओल्गा टेलिसचा निकाल देणाऱ्यांचे चिरंजीव. कादंबरीत हा योगायोग कोणी खपवून घेतला नसता.

दिसला की हुसकावायचा, ही गोष्ट जुनी आहे आणि साहित्याने ती फार आधी टिपली. चार्ल्स डिकन्सची ‘ब्लीक हाउस’ १८५२-५३ मध्ये हप्त्याहप्त्याने आली. वारसाहक्काचा एक खटला पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि शेवटी मिळकत वकिलांच्या खर्चातच संपते, हे तिचं मुख्य कथानक. मला मात्र त्यातला ‘जो’ नावाचा मुलगा आठवतो. चौकात झाडू मारणारा पोर. पोलीस त्याला दिवसभर एकच सांगतो, पुढे सरक. कुठे सरकायचं ते कोणी सांगत नाही. एका मृत्यूच्या चौकशीत त्याला साक्षीला बोलावतात. नाव जो, आडनाव माहीत नाही, आई-बाप नाहीत, लिहिता-वाचता येत नाही. खोटं बोललं तर मेल्यावर काय होतं, तेही नीट सांगता येत नाही, म्हणजे शपथेला अर्थ नाही. त्याची साक्ष बाजूला ठेवली जाते. मेलेल्या माणसाला ओळखणारा जवळजवळ तोच एक, पण कोर्टाच्या लेखी तो बोललाच नाही. अख्ख्या ‘स्ट्रीट लॉयर’पेक्षा ही दोन पानं मला जास्त जाणकार वाटतात.

जोचं कोडं, म्हणजे कागद नसलेल्या माणसाची दखल कशी घ्यायची हे, सोडवण्याचा एक प्रयत्न आपल्याच निवडणूक आयोगाने केलाय आणि तो सरकारी असूनही चांगला आहे. बेघर माणसाला मतदार यादीत नाव घालायचं असेल तर राहण्याचा कागदी पुरावा लागत नाही. अर्जात त्याने जी जागा लिहिली असेल तिथे बूथ लेव्हल ऑफिसर रात्री जातो, एकाहून अधिक रात्री जातो, आणि हा माणूस खरोखर तिथेच झोपतो का ते पाहतो. झोपत असेल तर तोच पुरावा. कागद माणसाकडे मागायचा सोडून कार्यालय माणसाकडे जातं. हे एका खात्याला जमतं तर बाकीच्यांना का नाही, हा प्रश्न मी तरी कोणत्याही थरारकथेत पाहिलेला नाही.

थोडं वेगळं वळण. बेघर माणूस म्हटला की मराठी माणसाला आधी आठवतात ते अप्पा बेलवलकर, आणि ते लिहिले आपल्याच कुसुमाग्रजांनी. ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं डिसेंबर १९७० मध्ये. ते नाटक आपण डोळे पुसत पाहतो. एकदा वकिलाच्या नजरेने पाहा. अप्पांनी जे होतं ते मुलांना देऊन टाकलं. आज ते प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात जाऊ शकले असते का? ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे, त्याचं कलम २३ सांगतं की सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने झालं असं मानून रद्द करता येतं. मेख ‘अटीवर’ या शब्दात. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अशी अट होती हे दिसलं पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात कोर्टाने कलमाकडे जास्त मोकळेपणाने पाहिलं आणि न्यायाधिकरण ताबाही परत द्यायला लावू शकतं असं सांगितलं. पण अप्पांचं काय? पोटच्या पोरांना देताना ‘मला जेवायला घालाल या अटीवर’ असं बक्षीसपत्रात लिहिणारा माणूस ते नव्हतेच. लिहिलं असतं तर ते नाटक झालं नसतं. माझ्या ओळखीच्या एक वकीलबाई मात्र आता येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या जोडप्याला ते वाक्य दस्तात घालायला लावतात, जोडपं रागावलं तरी.

घर जाण्याची आणखी एक वाट बँकेची. मायकल कॉनलीच्या ‘द फिफ्थ विटनेस’मध्ये (२०११) घरकर्ज थकलेल्या बाईवर बँकवाल्याच्या खुनाचा आरोप येतो आणि मिकी हॅलर तिचा वकील होतो. कथेत मंदीनंतरच्या अमेरिकेतल्या जप्त्यांची पार्श्वभूमी आहे. आपल्याकडचं रूप बघायला सकाळचं वर्तमानपत्र पुरे: आतल्या पानावर बारीक टायपातल्या ‘ताबा नोटीस’. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेता येतं. साठ दिवसांची मागणी नोटीस, मग सांकेतिक ताबा, मग प्रत्यक्ष. कर्जदाराला दाद मागायची तर कर्ज वसुली न्यायाधिकरणात, पंचेचाळीस दिवसांत. या माणसाकडे पत्ता असतो, कागद असतात, वकील असतो. म्हणूनच त्याची गोष्ट नोटिशीने सुरू होते, जेसीबीने नाही.

अमेरिकन कादंबरीतल्या दोन गोष्टी आपल्याकडे जशाच्या तशा उचलता येत नाहीत, हे वाचताना ध्यानात ठेवलं की गोंधळ होत नाही. तिथे नुकसानभरपाईचा आकडा ज्युरी ठरवते, म्हणून बड्या फर्मला घाम फुटतो. मेलेल्या पोरांचे फोटो पाहून बारा सामान्य माणसं किती कोटी म्हणतील याचा नेम नसतो, त्यापेक्षा तडजोड बरी. आपल्याकडे दिवाणी दाव्यात ज्युरी नाही, आकडे न्यायाधीश जपून लिहितात. तिथे वकील भरपाईतला हिस्सा फी म्हणून घेतो, त्यामुळे कफल्लक माणसाचाही खटला घ्यायला कोणीतरी तयार होतं. आपल्या बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून फी किंवा मिळणाऱ्या पैशात वाटा घेणं बसत नाही. त्याऐवजी आपल्याकडे जनहित याचिका आहे. बेघर माणसाच्या वतीने पत्रकार, प्राध्यापक, कोणीही कोर्टात जाऊ शकतो. आणि विधी सेवा प्राधिकरण आहे, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, कोठडीत असलेले, या सगळ्यांना उत्पन्नाचा दाखला न मागता फुकट वकील मिळण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे. हेल्पलाइन १५१००. ग्रिशमचा स्ट्रीट लॉयर नाशिकमध्ये शोधायचा तर त्या पॅनेलवरच्या एखाद्या नव्या वकिलात सापडेल. त्याला मिळणारं मानधन पाहता त्याच्यावर थ्रिलर लिहिण्याआधी त्याला चहा पाजावा.

‘स्ट्रीट लॉयर’बद्दल माझी एक तक्रार आहे. तिच्यात बेघर माणसं मरतात आणि वकील सुधारतो. ओलीस धरणारा सुरुवातीलाच जातो, मायलेकरं जातात, आणि आपण पुढची सगळी पानं मायकलच्या मनात काय चाललंय ते वाचतो. फाइल उचलल्याबद्दल शेवटी त्याची सनद नऊ महिने निलंबित होते आणि आपल्याला त्याचंच जास्त वाईट वाटतं. हा दोष या सबंध प्रकाराचा आहे. वकिलाशिवाय कोर्टकथा होत नाही, आणि वकील आला की कॅमेरा त्याच्याकडे वळतो.

उलट टोक पाहायचं तर पुन्हा नाशिकलाच यावं लागतं. बाबूराव बागूल इथल्याच विहितगावचे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या त्यांच्या १९६३ सालच्या संग्रहातल्या त्याच नावाच्या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला दलित तरुण आहे, डोक्यावर छप्पर हवंय म्हणून लपवलेली जात आहे, आणि ती उघडी पडल्यावरचा मार आहे. नोकरी पक्की, पैसे द्यायची तयारी, तरी घर नाही. त्या कथेत वकील नाही, कोर्ट नाही, नोटीस नाही. अस्पृश्यता नष्ट करणारं कलम १७ तेव्हा राज्यघटनेत होतंच. पण मार खाणाऱ्याच्या मनात कोर्टात जावं हा विचारही येत नाही, आणि बागूल तो आणतही नाहीत. आपल्याकडे दलित साहित्य इतकं समृद्ध असताना बेघरपणावरची कोर्टकादंबरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही का दिसत नाही, याचं एक उत्तर मला त्या कथेत मिळतं. थरारकथेला वाचकाचा असा भरवसा लागतो की शेवटी कोर्टात काहीतरी घडेल.

कोणाला नाशिकमध्ये बसून अशी कादंबरी लिहायची असेल तर वेळ चांगली आहे. २०२६-२७ चा सिंहस्थ समोर आहे. रस्ते रुंद होणार, घाट दुरुस्त होणार, कोट्यवधी भाविकांच्या व्यवस्थेचे नकाशे तयार होणार. एरवी घाटावर झोपणारा माणूस त्या नकाशात कुठे आहे, हा पहिल्या प्रकरणाचा प्रश्न. खलनायक शोधत बसू नका. अतिक्रमण पथकातला माणूस वाईट नसतो, त्याच्या हातात यादी असते. ती यादी कशी तयार झाली, कोणी पाहणी केली, कोणाचं नाव राहून गेलं, आणि ते राहून गेलेलं नाव कोणत्या कारकुनाच्या लक्षात आलं होतं, इथे तुमचा गायब मेमो आहे.

वाचायला सुरुवात करायची तर ‘स्ट्रीट लॉयर’पासूनच करा, दोन बैठकांत संपते. ग्रिशमचे मराठी अनुवादही ग्रंथालयांतून मिळतात. डिकन्स जाडजूड आहे, पावसाळ्यासाठी ठेवा. ओल्गा टेलिसचं निकालपत्र इंटरनेटवर फुकट आहे, इंग्रजी सरळ आहे. कलमांची चर्चा आली की कंटाळा येईल, तो भाग खुशाल सोडा, पण सेलमच्या आणि संगमनेरच्या माणसाची हकीकत असलेले परिच्छेद आधी वाचा. त्यांत बांबूची किंमतसुद्धा दिलेली आहे.